पैसे परत ठेवले, तरी हिशेब राहिलाच

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा खजिनदार आहे. गेल्या वर्षी आईला अचानक दवाखान्यात दाखल करावं लागलं. हाताशी पैसे नव्हते, म्हणून उन्हाळी शिबिरासाठी जमलेल्या रकमेतून १४,००० रुपये घेतले. सव्वादोन महिन्यांत पै न पै परत ठेवली. शिबिर नीट पार पडलं, कुणाला काही कळलं नाही. देवापुढे रडून क्षमा मागितली आहे. आता मंडळीतली मोठी माणसं मला पंच म्हणून, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांत, उभं राहा म्हणतात. हे कुणाला सांगावं का, की प्रभूच्या आणि माझ्यामध्येच राहू द्यावं? माझा एक मित्र म्हणतो, विश्वासू माणसाकडे हिशेब मागू नये असं शास्त्रातच लिहिलंय.’

प्रभूमध्ये सलाम.

आधी एक विचारतो. आई कशी आहे? एवढं सगळं लिहिलंत, पण ते लिहायचं राहिलं.

मी पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली, रोखपाल म्हणून लागलो आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यातली एकवीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीचा खजिनदारही होतो. आता आसपासच्या खेड्यांतल्या लहान मंडळ्या वर्षाच्या शेवटी वह्या तपासायला बोलावतात. जातो, वह्या बघतो, भाकरी खातो, परत येतो. जे लिहितोय ते या वह्यांतून शिकलेलं आहे. शास्त्राचा अर्थ लावताना कुठं चुकलो तर तुमच्या पाळकांना विचारा.

तुम्ही विचारलंय ‘सांगावं का’. मला वाटतं, तुम्हाला टोचणारी गोष्ट वेगळी आहे. तुमच्या मनात दोन खाती आहेत आणि दोन्ही तुम्ही मिटवली आहेत. पैशांचं खातं मिटलं, कारण रक्कम परत आली. देवाचं खातं मिटलं, कारण तुम्ही क्षमा मागितली आणि तो क्षमा करतो यावर तुमचा विश्वास आहे. माझाही आहे. मग अजून झोप का लागत नाही? कारण तिसरं खातं उघडंच आहे, आणि ते वहीत आहे. सव्वादोन महिने तुमच्या वहीतली शिल्लक एक सांगत होती आणि डब्यातली रोकड दुसरंच. ज्यांनी पैसे दिले त्यांचा त्या वहीवर विश्वास होता. ती आजही तेच सांगते आहे, की काही झालंच नाही. पैसे परत आले, वहीतलं खोटं मात्र तसंच राहिलं.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. मी आधी एका बाजूला होतो, नंतर दुसऱ्या बाजूला. इतक्या वर्षांत एकाही माणसाला ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं म्हणताना ऐकलं नाही. तिथं तो प्रश्नच उद्भवत नाही. पण हीच माणसं रविवारी मंडळीत आली, आणि ‘अर्पण दोघांनी मिळून मोजूया’ असं कुणी म्हटलं, की चेहरे बदलतात. ‘आम्ही काय चोर आहोत?’ हे वाक्य मी मंडळीत जितकं ऐकलं तितकं बँकेत कधीच नाही. देवाच्या घरात आपण जास्त प्रामाणिक असतो म्हणून हे होत असेल, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. तिथं आपल्याला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

आणि बँकेतला रोखपाल सकाळी पाचशे रुपये घेऊन संध्याकाळी परत ठेवत असेल, तर पकडल्यावर त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. ‘परत ठेवले’ हा बचाव तिथं चालत नाही. कायदाही साधारण तेच म्हणतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होतं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे ते स्पष्टीकरण असं, की बेइमानीने थोड्या काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. आईच्या उशाशी बसलेल्या मुलाच्या मनात बेइमानी होती की गोंधळ, हे ठरवणारा मी कोण? पण ‘परत केले म्हणजे काही घडलंच नाही’ हा हिशेब जगात कुठंच मान्य होत नाही, हे माहीत असावं.

आता तुमच्या मित्राचं वचन. तो खोटं बोलत नाही. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, मंदिराच्या डागडुजीचा प्रसंग आहे. कामकऱ्यांना देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसे सोपवले त्यांच्याकडून हिशेब घेतला नाही, कारण ते सचोटीने वागत, असं तिथं खरंच आहे. पण मित्राला म्हणावं, तोच अध्याय वरून वाच. योवाश राजाचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी याजकांनी, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांनी, मंदिराची मोडतोड दुरुस्त केली नव्हती. पैसे येत होते, काम होत नव्हतं. तेव्हा याजकांच्या हातून पैसे काढून घेतले गेले. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं येत आणि मिळून पैसे मोजत. म्हणजे शास्त्रात दानपेटी येते ती लोकांनी दिलं नाही म्हणून नाही, दिलेल्याचं पुढे काय झालं ते दिसेना म्हणून. मोजायला दोघं, आणि दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडची माणसं. काम करून घेणाऱ्यांकडून हिशेब मागितला नाही, कारण त्यांच्या हातात पैसा जाईपर्यंत तो आधीच दोघांदेखत मोजून झाला होता. शिवाय त्यांचं काम भिंतीवर दिसत होतं. आणि ते सचोटीचे आहेत हे दुसऱ्यांनी लिहिलं आहे, त्यांनी स्वतःबद्दल म्हटलेलं नाही. तुमच्या बाबतीत मोजणारा, ठेवणारा, खर्च करणारा आणि लिहिणारा एकच माणूस होता.

मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी गोळा करत होता. करिंथच्या मंडळीत त्याच्यावर बोट दाखवणारे होतेच. हा युक्तीनं आम्हाला गुंडाळतोय की काय, अशी कुजबुज त्याच्या पत्रातून कळते. अशा वेळी पौलाने काय करावं? ‘मी प्रेषित आहे, माझा न्याय प्रभू करील’ असं म्हणता आलं असतं. दुसऱ्या प्रसंगी तो तसं म्हणतोही. पण पैशांच्या बाबतीत त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसं पाठवली, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडून दिलेला होता. कारणही स्पष्ट दिलं: एवढी मोठी रक्कम आम्ही हाताळतोय, तिच्यावरून कुणी ठपका ठेवू नये, जे योग्य ते प्रभूपुढेच नाही, माणसांपुढेही योग्य दिसावं. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. तुमच्या ‘प्रभूच्या आणि माझ्यामध्येच’ या शब्दांना याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. तुमचा व्यवहार प्रभूच्या आणि तुमच्यामध्ये कधी नव्हताच. तो तुमच्या, प्रभूच्या आणि त्या पोरांच्या आईबापांमध्ये होता, ज्यांनी शिबिरासाठी पैसे दिले.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण. पंडिता रमाबाईंना त्यांच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. त्या आधारावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं. दहा वर्षांची मुदत भरल्यावर, १८९८ मध्ये, रमाबाई स्वतः पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि कामाचा वृत्तान्त देणगीदारांच्या सभेपुढे ठेवला. इकडे दुष्काळातून आणलेल्या मुलींचा मोठा परिवार होता, केडगावचं काम नुकतं उभं राहत होतं. ‘माझं काम देव बघतोय’ म्हणायला त्यांच्याइतका हक्क कुणाला होता? तरी त्या बोटीत बसल्या.

आता येशूने सांगितलेल्या तालांतांच्या दाखल्याकडे येतो: परगावी जाणारा धनी तीन दासांच्या हाती पैसे सोपवतो, पहिले दोघं ते वाढवतात. या विषयावर प्रत्येक उपदेशात तोच दाखला येतो, आणि मला वाटतं आपण त्यातल्या तिसऱ्या दासाकडे नीट बघत नाही. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे त्या दासाच्या हातात जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती. त्याने एक पैसा खाल्ला नाही. पुरून ठेवली आणि धनी आल्यावर जशीच्या तशी समोर ठेवली: हे घ्या, तुमचं होतं ते. तुमचं वाक्य आठवा. ‘पै न पै परत ठेवली.’ त्याच्या आणि तुमच्या कृतीत फरक आहे, हे मला कळतं. त्याने काहीच केलं नाही, तुम्ही जास्तच केलंत. पण दोघांच्या बोलण्यामागची समजूत एकच आहे: रक्कम पुरी असली की आपण मोकळे. रक्कम कमी भरली असा दोष धन्याने त्याला दिला नाही. त्याने विचारलं ते वेगळंच. दास म्हणाला होता, तुम्ही कठोर माणूस आहात म्हणून मी भ्यालो. सगळं बिनसलं ते तिथं. धन्याविषयी त्याची कल्पनाच चुकीची होती, आणि त्या भीतीपोटी तो त्याच्यापासून लांब राहिला.

म्हणून तुम्हाला विचारतो, त्या रात्री तुम्ही पाळकांना फोन का केला नाहीत? मंडळीच्या खजिनदाराला, शेजारच्या बाकावर बसणाऱ्या कुणाला? चौदा हजार ही काही मंडळीला न पेलणारी रक्कम नाही. बहुतेक ठिकाणी आजारी माणसांसाठी मदत निधी असतो, नसला तरी चार घरांतून संध्याकाळपर्यंत जमली असती. तुम्ही मागितलं नाहीत, कारण तुम्हाला वाटलं असणार की देणार नाहीत, किंवा देतील आणि वर्षभर बोलत राहतील. हे वाटणं खरं असेल तर दोष तुमचा एकट्याचा नाही. आईसाठी मागायला तोंड उघडत नाही पण डबा उघडता येतो, असा तरुण ज्या मंडळीत आहे, त्या मंडळीलाही कुणाला तरी जाब द्यायचा आहे. गलतीकरांच्या पत्रात सहाव्या अध्यायात पौल म्हणतो एकमेकांची ओझी वाहा, आणि दोनचार ओळींनी म्हणतो प्रत्येकाने आपलाच भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये तिथं दोन वेगळे शब्द आहेत, असं आमच्या जुन्या पाळकांनी सांगितलं होतं. एक माणसाला चेपून टाकणारं ओझं, दुसरं ज्याचं त्याने उचलायचं गाठोडं. दवाखान्याचं बिल पहिल्यातलं होतं. ते तुम्ही एकट्याने उचललंत. वहीतली नोंद दुसऱ्यातली. ती तुम्ही खाली ठेवलीत. अदलाबदल झाली.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. पहिली गोष्ट: त्या सव्वादोन महिन्यांत तरुण संघाची सभा झाली होती का, आणि तुम्ही तिच्यात शिल्लक वाचून दाखवली होती का? दाखवली असेल तर पैसे घेण्यापेक्षा ते जड आहे, आणि कबूल करताना तेही सांगावं लागेल. झाली नसेल तर थोडं हलकं. दुसरी गोष्ट म्हणजे तरुण संघाचे पैसे मंडळीच्या मुख्य हिशेबात येतात का? आपल्या बऱ्याच मंडळ्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत, त्यांचं ऑडिट होतं, धर्मादाय कार्यालयात कागद जातात. पण तरुण संघ, महिला मंडळ, संडे स्कूल यांची थैली अनेकदा त्या हिशेबाच्या बाहेरच फिरत असते, कुणाच्या तरी कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात. तुमची तशीच असेल तर तुम्हाला तपासणारं कुणी नव्हतंच, आणि ती चूक तुम्हाला खजिनदार निवडलं त्या दिवशीच झाली होती.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड: ऐकणारी माणसं कशी आहेत. एका मंडळीत मी स्वतः बसलेलो असताना एक गृहस्थ उपासनेत साक्ष द्यायला उठले आणि भावनेच्या भरात अशीच एक जुनी गोष्ट सगळ्यांसमोर बोलून गेले. रक्कम याहूनही लहान होती. त्या रविवारी लोकांनी डोळे पुसले. पुढच्या रविवारपासून त्यांच्या हातात कुणी अर्पणाची थैली देईना. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, तिथपर्यंत गोष्ट गेली. ते कुटुंब आता दुसऱ्या मंडळीत जातं. त्यांनी कबूल केलं हे चुकलं, असं मी म्हणणार नाही. पण हिशेब ज्यांना द्यायचा त्यांनाच द्यावा. व्यासपीठ ही त्यासाठीची जागा नाही. तिथं एक तर माणसाचा बळी जातो, नाही तर त्याचा हिरो होतो, आणि दोन्ही वेळा वही कोरीच राहते.

म्हणून तुमच्या जागी मी काय करीन ते सांगतो. एक कागद घ्या. वर तारीख. मग: अमुक तारखेला शिबिर निधीतून एवढे घेतले, अमुक तारखांना एवढे परत ठेवले, या काळात सभेत शिल्लक वाचली किंवा वाचली नाही. खाली सही. कारण सगळ्यात शेवटी, एका ओळीत. हे मी मुद्दाम सांगतोय. बँकेत अशा अनेक जबान्या मी घेतल्या आहेत. ज्याची सुरुवात आईच्या आजारपणाने होते, त्यात रक्कम तिसऱ्या पानावर सापडते आणि बहुतेक वेळा कमी करून सांगितलेली असते. रक्कम आधी आली की कारण खरं वाटतं. कारण आधी आलं की रक्कमच संशयास्पद वाटू लागते.

कागद घेऊन दोघांना भेटा, एकाला नाही. पाळक आणि मंडळीचा खजिनदार, किंवा पाळक आणि तरुण संघाचा सेक्रेटरी. एकट्या माणसाला सांगितलं की ते गुपित होतं, आणि गुपित त्याच्यासाठी एक तर ओझं ठरतं किंवा हत्यार. दोघांना सांगितलं की ते कामकाज होतं. त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागा: वहीत आजच्या तारखेने खुलाशाची नोंद घ्यावी आणि दोघांनी तिच्याखाली सही करावी. जुनी पानं खोडू नका, नवीन वही लिहून काढू नका. खोडलेल्या ओळीपेक्षा उशिरा लिहिलेली ओळ कधीही बरी.

हे सगळं पंचाच्या निवडणुकीला नाव देण्याआधी. नंतर नाही. निवडून आल्यावर सांगितलंत तर त्यांना मोकळेपणाने निर्णय घेता येणार नाही. तुमचं सांगणं खरं असूनही तो डाव वाटेल. ते म्हणाले, ‘अरे जाऊ दे, आईसाठीच केलंस ना,’ तर सुटल्यासारखं वाटून घरी जाऊ नका. नोंद करून घ्या. ते म्हणाले, ‘या वर्षी उभा राहू नकोस,’ तर राहू नका. रागानं खजिनदारकीचा राजीनामा फेकणं मात्र टाळा. राजीनामा दिला की माणसाला वाटतं शिक्षा भोगून झाली. सेवा सोडणं आणि हिशेब देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी अनुभवाने सांगतोय, आणि तो अनुभव माझ्या अंगलट आलेला आहे.

१९९६ साल असेल. मी नवा खजिनदार होतो, बँकेतला म्हणून मंडळीला माझा अभिमान आणि मलाही. कापणीचा सण झाला. आमच्याकडे त्या दिवशी लोक बाजरी, ज्वारी, भोपळे, कोंबड्या, असेल ते आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलावात उत्साहाला तोटा नसतो. पैसे द्यायच्या वेळी मात्र ‘काका, पुढच्या रविवारी देतो’. एका भोपळ्याची बोली साडेतीनशेवर गेली, बोली लावणारा भोपळा घेऊन गेला आणि पैसे द्यायला विसरला. मी भिडेखातर माझ्या खिशातून भरले. मग मांडववाल्याचे थोडे कमी पडले, तेही खिशातून. पुढे कधी माझ्याकडे सुटे नसले की थैलीतले घेतले, कधी थैलीत नसले की माझे घातले. सगळं मनात लक्षात होतं. वर्षअखेरीला रोकड मोजली तर वहीपेक्षा ६४० रुपये जास्त निघाले. मी खूष. देवाला माझ्याकडूनच काही गेलं होतं ना!

तपासायला एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘जास्त निघाले म्हणजे बरोबर निघाले असं नव्हे. याचा अर्थ एवढाच, की मंडळीचे किती आणि तुझे किती हे तुला सांगता येत नाही. आज जास्त निघालेत, उद्या कमी निघतील, आणि तेव्हाही तुला सांगता येणार नाही.’ मला झोंबलं. स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? मी राजीनामा दिला, दोन महिने मागच्या बाकावर तोंड पाडून बसलो. मास्तर एक दिवस घरी आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, ‘वही तुझ्याकडेच राहिली आहे, ती पुरी करून दे, मग पाहिजे तर रुसून बस.’ वही पुरी करायला बसलो तेव्हा कळलं, अर्ध्या नोंदी मला आठवतच नव्हत्या.

त्याच्या उलट टोकाचा एक प्रसंग सांगतो, कारण हिशेब हा सेवा करणाऱ्याला अडकवण्यासाठी असतो हा समज त्याने माझ्या डोक्यातून गेला. शेजारच्या तालुक्यात एका मंडळीत एकोणीस वर्षं एकच खजिनदार होता. देवमाणूस. कुणी हिशेब मागितला नाही, त्यानेही दाखवला नाही. मागणं म्हणजे त्याचा अपमान, असं सगळ्यांना वाटायचं. एका पहाटे झटक्यात गेला. पासबुक घरी, काही ठेवपावत्या त्याच्याच नावावर, काही पैसे कुठल्या कामासाठी कुणाला दिलेत याची टिपणं कॅलेंडरच्या मागे. मला बोलावलं. आठ महिने लागले. शेवटी फार थोडी रक्कम जुळली नाही, आणि माझी खात्री आहे की त्याने पैसा खाल्ला नव्हता. पण त्या आठ महिन्यांत त्याच्या बायकोला चर्चच्या दारात लोकांच्या नजरा झेलाव्या लागल्या. एकोणीस वर्षांच्या विश्वासू सेवेचा पुरावा म्हणून तिच्या हातात काही नव्हतं. दर वर्षी कुणी दोघांनी वही बघून सही केली असती, तर त्या सह्याच तिच्या बाजूने बोलल्या असत्या.

म्हणून तुम्ही खजिनदार राहिलात तर एवढं सुरू करा. पैसे दोघांनी मोजायचे, आकडा कागदावर लिहून दोघांनी सही करायची, आणि हे चहाच्या आधी. सोमवारी बँकेत भरणा. शिबिराचे पैसे शिबिरालाच. आणि तुमच्या संघाचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याला जोडलाय ते आजच बघा. हल्ली मी जिथं जातो तिथं दहा ठिकाणी विचारलं तर पाच-सहा ठिकाणी तो कुणा ‘हुशार’ मुलाच्या स्वतःच्या खात्याला जोडलेला निघतो. पगार, किराणा, रिचार्ज आणि दशांश, म्हणजे कमाईचा देवाला दिलेला दहावा हिस्सा, एकाच खात्यात. पोरगा प्रामाणिक असतो. मीही होतो, भोपळ्याच्या वेळी.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण दोघांना भेटून आल्यावर डोक्यात येईल: वर काही द्यावं का? बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, सोपवलेल्या वस्तूच्या बाबतीत ज्याने अपराध केला त्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा भरावा असं आहे. तुमच्या रकमेवर ते २,८०० होतात. जकातदार जक्कयाने येशूपुढे चौपटीची तयारी दाखवली होती, पण त्याचा धंदा निराळा होता. आपण नियमशास्त्राखाली नाही, त्यामुळे द्याच असं मी म्हणणार नाही. आईची औषधं चालू असतील तर अजिबात म्हणणार नाही. पण द्यावेसे वाटलेच, तर खजिनदाराच्या हातात द्या आणि पावती घ्या. रात्री गुपचूप डब्यात टाकू नका. वर्षअखेरीला २,८०० जास्त निघतील, आणि तुमची वही तपासायला कुणी मास्तर आले, तर पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागेल.

आईच्या तब्येतीचं कळवा.